शेफिल्डचा चाकू आणि बोदलकशाचा नवरदेव

माझ्या अकलेचं दर्शन आज तुम्हाला फुकट घडवतो. चहा तेवढा तुम्ही पाजा.

गोंदियात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. धंदा खिळ्या-कुलपांचा, पण नाद जुन्या इंग्रजी चाकूंचा. घडी करून खिशात ठेवायचे, इंग्लंडातल्या शेफिल्ड गावचे. तिथं म्हणे नदीच्या पाण्यावर धारेची चाकं फिरायची. एकानं पातं ठोकायचं, दुसऱ्यानं धार लावायची, तिसऱ्यानं मूठ बसवायची. आणि मूठ कशाची? आपल्या हिंदुस्थानातल्या सांबराच्या शिंगाची! सांबर आपलं, शिंग आपलं, शिक्का त्यांचा. याला म्हणतात व्यापार! हे व्याख्यान मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. ते बिचारं कडी-कोयंडा घ्यायला आलेलं असतं.

एकदा बोदलकसा गावचा सुखदेव मासे धरायचे गळ घ्यायला आला. व्याख्यान संपल्यावर म्हणतो, "आमच्या घरी पण घडीचा चाकू हाय जी, जुना. त्यावर शेफ का काय लिहून हाय. पुढचं दिसत नाही, जंग लागला."

शेफ! जंगाखालचं 'िल्ड' मला दुकानात बसल्या बसल्या दिसलं. फोटो मागवणं वगैरे कच्च्या लोकांची कामं. मी पडलो जाणकार!

"पाहाले भेटन का?"

"पुतण्याचं लग्न हाय जी. लग्नातच या ना!"

गेलो. शिक्क्याशी शिक्का ताडून पाहावा म्हणून माझा सगळ्यात लाडका चाकू खिशात घातला. सांबरशिंगाची मूठ, उघडला की टक् असा आवाज. ऐकून जीव थंड होतो.

मांडवात शिरलो आणि पाहतो तर काय! हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात घडीचा चाकू, आणि त्याच्या टोकाला लिंबू खुपसलेलं!

आता हळद लागली की नजर लागू नये म्हणून नवरदेवाच्या हातातून लोखंड सुटू देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं हो! माझ्या लग्नात मीही तसाच मिरवलो होतो. पण त्या क्षणी मला दिसला फक्त आंबट रस, जुनं पोलाद खाणारा.

"अरे भाई, मरेल ना तो!" असं ओरडत मी झडप घातली आणि चाकू हिसकला.

वाजंत्री बंद. नवरदेव त्याच्या आत्याच्या मागे. आणि आत्या माझ्यापुढे.

"काऊन जी, चाकू काऊन हिसकून राहिले? कोन मरन म्हनता?"

"ताई, गोंदियाचे दुकानवाले सेठ हायत ते," सुखदेव मध्ये पडला.

"सेठ असन तं असन! पोराचा हात रिकामा केला ना यानं!"

चार तगडे वऱ्हाडी बाह्या सरसावून जवळ आले. जेवणाआधी मार मिळणार हे नक्की झालं. तेव्हा माझं व्यापारी डोकं चाललं. खिशातला चाकू काढला नि म्हटलं, "त्याच्या बदल्यात हा घ्या!" मनात हिशेब असा, की त्यांचा नक्कीच जास्त जुना, सौदा फायद्याचा. वा रे मी!

आत्या जरा निवळली. "मंग लिंबू पन तुमीच लावा."

लावलं. माझ्याच हातानं, माझ्याच शेफिल्डवर. रसाचा ओघळ थेट शिक्क्यावरून गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मांडवामागे पळालो. हिसकलेल्या चाकूची हळद पुसली, नखानं जंग खरवडला. शेफ... शेफ... 'शेफ राजा'! मूठ प्लास्टिकची. कांदे कापायचा हा माल कुठं मिळतो, हे गोंदियात माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मागे आत्या उभी. "ओळखला ना जी? तुमच्याच दुकानातून म्याच आनला होता. दोन दिवसांत जंगला. मी तं शिव्या देत होती तुमाले. आमाले का मालूम, तुमी बदलून द्याले लग्नात येता!"

आणि एवढ्यावर थांबली असती, तर ती आत्या कसली? तिनं माइक मागवून ते मांडवभर सांगितलं. तेव्हापासून त्या भागातले लोक गंजके 'शेफ राजा' पिशवीत भरून दुकानात येतात आणि प्रेमानं म्हणतात, "सेठ, व्याख्यान राहू द्या. इंग्लंडचा बदलून द्या!"