तो हार मी घातला होता

साळवेताईंची आणि माझी पहिली भेट एका बुटाच्या नाडीवरून झाली. मस्कतमध्ये, रुवीच्या मागच्या डोंगराला पाठ टेकून असलेल्या आमच्या छोट्या शाळेत मी मुलाखतीला गेले होते. फाईलमध्ये नाशिकच्या कॉन्व्हेंटची सर्टिफिकेटे नीट लावलेली, आणि 'शिक्षणाचे ध्येय' या विषयावर चार वाक्ये पाठ केलेली. प्राथमिक विभागाच्या प्रमुख म्हणून समोर बसलेल्या श्रीमती प्रमिला साळवे यांनी फाईल उघडलीच नाही. दाराबाहेरून पहिलीतल्या एका मुलीला त्यांनी आत बोलावले. तिच्या उजव्या बुटाची नाडी लोंबत होती.

"हिला नाडी बांधायला शिकवा," त्या म्हणाल्या.

मी मुलीसमोर गुडघे टेकून बसले आणि छानपैकी फुलपाखरू बांधून दाखवले. मुलगी माझ्याकडे नुसती पाहत राहिली.

"तुम्हाला येतं ते कळलं," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही समोर बसलात. तिला सगळं उलटं दिसतं. मागे बसा, आणि तुमचे हात तिच्या हातांवरून आणा."

मी मागे बसले. तिसऱ्या प्रयत्नात मुलीची गाठ जमली आणि मला नोकरी मिळाली. पुढे अनेकदा मला वाटले, की ताईंची सगळी शिकवण्याची पद्धत त्या एका वाक्यात आहे. त्या मुलांच्या मागे बसत आल्या. आणि आम्हा शिक्षिकांच्याही.

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी त्यांच्या शाळेतल्या कामाविषयी मी लिहावे, असे संपादकांनी सुचवले. मी आनंदाने हो म्हटले. पण आधीच सांगते, हा लेख लिहिण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक चूक झाली. ती ताईंच्या नावावर जमा झाली आणि आजही काही जणांच्या मनात तशीच आहे. ही स्मरणिका ज्यांच्या हाती जाईल, त्यांतले बरेच जण त्या वेळी शाळेत होते. म्हणून ती इथेच दुरुस्त करावी असे मनात आहे.

त्याआधी हाफ टर्मविषयी सांगायला हवे. अर्धे सत्र संपले की आठवडाभराची सुट्टी लागते. तिच्या आदल्या दिवशी आमच्या प्राथमिक विभागात दप्तर आणायला बंदी असे. हा ताईंचा नियम. त्या दिवशी प्रत्येक मुलाने हाताने काहीतरी करून दाखवायचे. पहिलीने बूट बांधायचे, दुसरीने लिंबाचे सरबत करायचे, तिसरीने शर्टाला बटण शिवायचे. पालक पाहायला येत. इथल्या आपल्या घरांत मुलांना पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मिळतो. त्यामुळे आपला लेक सुईत दोरा ओवताना पाहून एका बँकेतल्या वडिलांनी कौतुकाने डोळे पुसल्याचे मी पाहिले आहे. त्याच शर्टाचे बटण संध्याकाळी गाडीत बसताना तुटले, हे ताईंना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुटू द्या. आता त्याला परत लावता येतं ना?"

बहुतेक वर्षी हाफ टर्म आणि ओमानचा राष्ट्रीय दिन एकाच आठवड्यात येत. रस्त्यांवर पांढऱ्या, लाल, हिरव्या दिव्यांच्या माळा लागत, गाड्यांच्या काचांवर सुलतानांची चित्रे चिकटत, आणि शाळेत खोक्यांचे किल्ले, दुधाच्या डब्यांची गलबते, कागदाच्या लगद्याच्या कॉफीच्या सुरया तयार होत. मुलगे पांढरा पायघोळ दिशदाशा आणि कुम्मा टोपी घालून येत, मुली जरीचे ओमानी झगे. एका वर्षी व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी सुचवले, की पाहुणे मोठे आहेत, तेव्हा चुणचुणीत अशी चाळीस मुलेच निवडावीत.

"सर, बाकीच्यांनी काय करायचं?" ताईंनी विचारले.

"टाळ्या वाजवतील की."

"मग टाळ्या स्टेजवर उभं राहून वाजवतील," ताई म्हणाल्या, आणि दोनशे दहा मुले स्टेजवर उभी राहिली. स्टेज पुरले नाही, म्हणून अर्धे किल्ले मैदानात मांडले. दुसरीतल्या एका चिमुरडीने पहिल्या रांगेतून मोठ्याने विचारले, "मॅम, स्माईल आता करायची की नंतर?" पाहुण्यांना मराठी कळत नव्हते, पण हसले तेच सगळ्यांच्या आधी.

आता ती चूक.

माझे शाळेतले ते दुसरेच वर्ष. यांची कंपनी बंद पडली होती आणि हे नव्या नोकरीसाठी कधी सोहार, कधी सलालाह असे फिरत होते. मुलगी दहावीला. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर उभे होते. त्यातून त्या वर्षी राष्ट्रीय दिनाची सजावट माझ्याकडे आली. मी जीव ओतून काम करायचे ठरवले. सकाळी लवकर देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडून झेंडूचा टपोरा हार आणला. शाळेच्या दर्शनी दालनात सुलतानांची मोठी तसबीर ठेवली होती. तिला तो हार घातला, आणि वार्षिक स्नेहसंमेलनाची पितळी समई पुढे ठेवून पेटवली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सव्वीस जानेवारीला सिस्टर पुढाऱ्यांच्या तसबिरींना हार घालून घेत. राष्ट्रीय सोहळा म्हणजे तसबीर, हार आणि दिवा, इतके माझ्या अंगात भिनलेले होते. दोन पावले मागे येऊन मी पाहिले आणि स्वतःवरच खूश झाले.

आमच्याकडे अरबी शिकवणाऱ्या मरियम मिस तेवढ्यात आत आल्या. त्या इथल्याच, निझवाच्या. तसबीर पाहिली आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. सरळ ताईंना घेऊन आल्या.

"हे आमच्यात करत नाहीत," मरियम मिस हलक्या आवाजात म्हणाल्या. "फोटोपुढे दिवा म्हणजे पूजा झाली. आणि नऊ वाजता मंत्रालयातले साहेब येतायत."

नऊला वीस मिनिटे होती. ताईंनी दोन बोटांनी वात चिमटली, समई उचलून शिपायाकडे दिली आणि हार काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शुभा मिस, आपल्याकडे तरी जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का हो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंनी मात्र तो हार दुसरीच्या वर्गात नेला. "यल्ला, चला, सोडवा हा. प्रत्येकाने एक फूल घ्यायचं. पाहुणे आले की उजव्या हाताने द्यायचं." पाहुणे आले. ओंजळीत झेंडू घेऊन मुले रांगेत उभी होती. त्या साहेबांनी पहिले फूल हुंगले, "शुक्रन" म्हणाले आणि दिशदाशाच्या खिशात ठेवले. कार्यक्रम फार सुंदर झाला. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतला.

पण मुलाला लवकर सोडायला आलेल्या एका पालकाने हार घातलेल्या तसबिरीचा फोटो काढला होता. दुपारपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर गेला. खाली कोणी हसत होते, कोणी रागावत होते, कोणी लिहीत होते, "उद्या शाळेवर काही आलं तर जबाबदार कोण?" संध्याकाळी अध्यक्षांचा निरोप आला, की हे ज्याने केले त्याला सुट्टीनंतर शाळेत यायची गरज राहणार नाही; समितीची बैठक सुट्टी संपताच.

हाफ टर्मची ती आठ दिवसांची सुट्टी माझ्यासारखी कोणी काढली नसेल. मी घरात कोणाला सांगितले नाही. मुलगी भूमितीचे प्रमेय पाठ करत होती आणि मी तिच्या शेजारी बसून मनात हिशेब करत होते, की परीक्षेच्या आधी देश सोडावा लागला तर हिचे काय. ताईंना फोन केला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बैठकीला मला बोलावलंय. तुम्हाला नाही. तुम्ही पुढच्या हाफ टर्मच्या बटणांची तयारी करा."

बैठकीत काय झाले, ते मला पुढे मरियम मिसनी सांगितले. त्यांनाही बोलावले होते.

"हार कोणी घातला?" अध्यक्षांनी विचारले.

"माझ्या विभागात घातला गेला," ताई म्हणाल्या. "नव्या माणसाला इथली रीत सांगणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. चूक माझी."

"मॅडम, मी नाव विचारतोय."

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. माहीत नाही म्हणाले तर ते खोटं होईल, आणि खोटं मी बोलत नाही. माहीत आहे आणि सांगणार नाही."

ज्यांना ताईंचे घर माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेसमोर रोज सकाळी त्या पंचशील म्हणतात आणि मग दिवसभर ते पाळतात. आपल्यापैकी पुष्कळ जण फक्त पहिले करतात. मरियम मिसना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, पाहुण्यांनी फूल खिशात ठेवलं. आता तुम्ही कशाला काढता?" खोलीत कोणीतरी हसले, आणि विषय तिथेच मिटला. निदान मला तसे वाटले. दुसऱ्या दिवशी ताई वर्गात डोकावून एवढेच म्हणाल्या, "तिसरीच्या सुया मोजून घ्या. मागच्या वेळी एक कमी भरली होती."

त्यानंतर ताईंनी एक प्रथा सुरू केली, ती आजही चालू आहे. नव्या शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात मरियम मिसबरोबर बसून कहवा, म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी, प्यायचा. खजूर उजव्या हाताने घ्यायचा, पुरे झाले की कप हलवून दाखवायचा, कोणाच्या घरी काय विचारायचे आणि काय नाही, कशापुढे काय ठेवत नाहीत, हे सगळे त्या कहव्याबरोबर कळते. माझ्यानंतर आलेल्या कोणत्याही बाईवर माझ्यासारखी वेळ आली नाही.

दोन वर्षांनी मला उरलेली गोष्ट समजली. हाराच्या प्रकरणानंतरच्याच उन्हाळ्यात शाळेला उपमुख्याध्यापिका नेमायची होती. सगळ्यांना वाटत होते, ताईच होणार. नेमणूक दुसऱ्या कोणाची झाली, तेव्हा आम्ही "पदव्यांचा विचार केला असेल" असे म्हणून गप्प बसलो. खरे कारण समितीच्या कागदावर होते: विभागावर पुरेसे लक्ष नाही. ज्यांनी दोनशे दहा मुलांच्या बुटांच्या नाड्यांवर लक्ष ठेवले, त्यांच्याविषयी हे वाक्य. मरियम मिसनी ते मला सांगितले त्याच संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेले. दार उघडताच मला रडू फुटले.

ताई शाळेत आम्हाला 'तुम्ही' म्हणतात. घरी त्या नागपूरच्या होतात.

"काहून रडून राहिली तू? ये, बस आधी."

"ताई, माझ्यामुळे तुमचं पद गेलं."

"हो, गेलं," त्या म्हणाल्या. त्यांनी समजूत काढली नाही, हे मला आजही आठवते. "वाईट वाटलं मला. महिनाभर वाटलं. मग एक दिवस तुझी पोरगी पेढे घेऊन आली, दहावीचे. तेव्हा म्हटलं, हे काही वाईट नाही झालं."

"मी उद्या अध्यक्षांना जाऊन सांगते."

"काही नको सांगू. तुझी नोकरी आहे अजून. माझी असेपर्यंत तर बिलकुल नको."

मी सांगितले नाही. हे मी अभिमानाने लिहीत नाही. दहा वर्षे मी त्यांचे ऐकले, कारण ते ऐकणे मला सोयीचे होते. या वर्षी आम्ही दोघीही शाळेतून निवृत्त होत आहोत. नोव्हेंबरातल्या त्यांच्या शेवटच्या हाफ टर्मला ताई नेहमीप्रमाणे एका पहिलीतल्या मुलाच्या मागे मांडी घालून बसल्या होत्या, गुडघे दुखत असतानाही. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना म्हटले, "ताई, स्मरणिकेत ती हाराची गोष्ट लिहिणार आहे. आता नाही म्हणू नका."

त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. मग म्हणाल्या, "लिही. पण हार चांगला होता, हेही लिही. एवढा ताजा झेंडू रुवीत मला कधी मिळाला नाही."

तर हार चांगला होता, हेही लिहिते.

ताई आता नागपूरला परततील. नातवंडांत रमतील, सकाळी फिरायला जातील, गुडघ्यांच्या डॉक्टरांचे ऐकतील अशी आशा आहे. आमचे तर त्यांनी कधी ऐकले नाही. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे. त्यांनी हात धरून शिकवलेली मुले जिथे असतील तिथून त्यांची विचारपूस करत राहावीत. साठी पूर्ण होताना त्यांच्या कामाच्या कागदावर एकच वाक्य उरावे: या बाईंनी सगळ्यांवर लक्ष ठेवले.

आणि ताई, इतकी वर्षे तुम्ही जे सांगितले नाही, ते यापुढे कोणीही, कुठेही विचारले, तर निःशंक मनाने माझे नाव सांगा.