आत्यांचे चिकट रेणू

सांधेदुखीचं निदान झालं म्हणून पेढे वाटणारी बाई उभ्या दादरमध्ये एकच निघेल, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. परळच्या एका प्रयोगशाळेत आत्यांनी जन्म घालवला तो चिकट रेणूंपायी. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर हे रेणू उगवतात, वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतात, आणि मग त्या पेशी भिंतीतून निसटून सांध्यात शिरतात आणि धुमाकूळ घालतात. हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे माझं लग्न. भर पंगतीत आत्यांनी माझ्या पानावर श्रीखंड सारवलं, लाडवातली एक बुंदी सुटी करून त्यावरून घरंगळवली आणि म्हणाल्या, "बघा जावईबापू, आधी लोळते, मग मंदावते, मग चिकटते!" बुंदी चिकटली, माझं श्रीखंड मात्र खायचं राहिलं.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचीच बोटं सुजली, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, हळुवार. "आजी, उतारवयातही हा संधिवात सुरू होतो. घाबरू नका." आत्या कसल्या घाबरतात! "इतकी वर्षं उंदरांच्या सांध्यात बघितलं हो, आता घरचं झालं!" असं म्हणून त्यांनी वाटेत पेढे घेतले. गोळ्या मात्र घेईनात. रोज सकाळी सुजलेल्या बोटांचा फोटो आम्हाला यायचा, खाली मजकूर, "आज मधलं बोटही सामील." उशीर केलात तर बोटं कायमची वाकडी होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी बायको रडली, भांडली. "थांब गं वसू, कसं पसरतंय ते जरा बघू दे," एवढंच उत्तर.

मग एका सकाळी त्यांच्या शेजारच्या मालवणी काकींचा फोन आला, आत्यांना आतून लॅच फिरवता येत नाहीये. आम्ही धावत गेलो. "दार तोडायचं नाही!" आतून हुकूम आला. "सकाळचा ताठरपणा आहे, तासाभरात उतरेल. तोवर कारण समजावून घ्या." अख्खा मजला जमला. दाराआडून चाललेल्या व्याख्यानात पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटेपर्यंत दूधवाल्यासकट सगळे पायऱ्यांवर बसले होते. शेवटी काकी ओरडल्या, "बाईनू, समाजला माका सगळा, पण दार कधी उघडतला?" जिन्यात हशा पिकला. आतून आत्याही हसल्या.

दार उघडलं, मंडळी पांगली. आत्यांचे केस मोकळे होते. अंबाड्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. "वसू, केस बांधून देतेस? आणि जावईबापू, त्या गोळ्यांच्या डबीचं झाकण तेवढं काढा. मला नाही जमत."

वसू विंचरू लागली. आत्या हातांकडे बघत म्हणाल्या, "इतकं लिहिलं गं मी त्या उंदरांवर. सूज लिहिली, पेशी लिहिल्या. त्यांना दुखत असेल, एवढं मात्र कुठेच नाही लिहिलं."

मी पेला त्यांच्या ओठांशी धरला. काहीही न समजावता त्यांनी गोळी गिळली.