मागे घोडा दिसला पाहिजे

किराणा दुकानात दिवसाला शंभर गिऱ्हाइकं येतात, तेव्हा कुठे एखादा किस्सा घडतो. आमच्या दुकानात आठवड्याला तीन गिऱ्हाइकं येतात आणि किस्से चार होतात! चौथा किस्सा रस्त्यावरून जाणाऱ्याचा. आमच्या पाटीवर 'शस्त्रे व दारूगोळा' असं लिहिलंय. त्यातला अर्धाच शब्द वाचून तो आत येतो.

बुलढाण्यात माझ्या सासऱ्यांचं बंदुकांचं दुकान आहे. सासरे म्हणजे मामाजी ऐंशीला टेकलेत. बंदुकीवरचे बारीक नंबर आता त्यांना वाचता येत नाहीत. आमचे 'हे' शाळेत शिक्षक आहेत, आणि दिवाळीत लवंगी फुटली तरी हे कानात बोटं घालतात. म्हणून गेली बारा वर्षं काउंटरवर मी बसते. गिऱ्हाइकं मला वहिनी म्हणतात आणि बोलतात मात्र मामाजींशी.

पूर्वी रानडुकरांना कंटाळलेले शेतकरी यायचे आणि बारा बोरची बंदूक न्यायचे. आता ज्याला त्याला पिस्तूल हवं. पहिलंच पिस्तूल, म्हणून स्वस्त हवं. आणि स्वस्त असलं तरी जुन्या स्टाईलचं हवं : चपटं, पोलादी, लाकडी मुठीचं, मागे घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, उठून दिसणारं. रिव्हॉल्व्हर पुढे केलं की नाक मुरडतात. "हे तं रिटायर माणसाचं वाटते वहिनी!"

दुकानाचा नियम एकच. लायसन्स असेल त्याने हातात घ्यावं, नसेल त्याने काचेतून बघावं. काच मी रोज पुसते, कारण नुसत्या बघ्यांची नाकं रोज तिच्यावर उमटलेली असतात.

*

धाडचे एक माजी उपसरपंच, बाळूभाऊ. लायसन्स हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जीप करून आले. बरोबर चार माणसं. तीन दोस्त, आणि चौथा गळ्यात टेप अडकवलेला एक वाळकुडा म्हातारा.

"हे कोण?" मामाजींनी विचारलं.

"आमचे टेलर."

मामाजींनी आधी हलकं, स्वस्तातलं पिस्तूल काढलं. बाळूभाऊंनी ते तळहातावर तोललं. "हे तं मोबाईलसारखं लागून राह्यलं." मग जुन्या स्टाईलचं जड पिस्तूल दिलं. रिकामं, मॅगझिन काढलेलं. भाऊंचा चेहरा असा फुलला की जणू कोणी गळ्यात हारच घातला! त्यांनी ते कमरेला खोचलं. टेलर खाली बसले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

मला वाटलं, माणूस शहाणा दिसतो. मी म्हटलं, "चांगलं केलंत टेलरना आणलंत ते. झब्ब्यातून दिसायला नको."

पाचही जण माझ्याकडे बघायला लागले.

"दिसाले नको? मंग मी घेऊन काय करू वहिनी? झब्ब्याची बाजू किती कापली म्हणजे मागचा घोडा दिसते, थे पाहाले तं आणलं टेलरले!"

टेलर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "झब्बा मी कापून देतो भाऊ. पण हे वजन नाडीले झेपत नाही. हार घ्याले हात वर केले, का पायजमा खाली!"

पिस्तूल काउंटरवरच राहिलं आणि मंडळी आधी बेल्ट शोधायला बाजारात गेली.

*

धामणगाव बढ्याचे दोन चुलतभाऊ. थोरल्याचं कृषी केंद्र, धाकट्याचं हार्डवेअर. एकाच मोटरसायकलवर आले. लायसन्स नव्हतं, अर्ज केलेला होता. तासभर काचेतून बघत होते. मग दोघांचं बोट एकाच पिस्तुलावर थांबलं. तेच, घोडा असलेलं.

मामाजींनी सहज विचारलं, "अर्जात कारण काय लिहिलं?"

"जिवाले धोका," दोघं एकदमच म्हणाले.

"कोणापासून?"

थोरल्याने धाकट्याकडे बोट केलं. "याच्यापासून."

"अन् मले याच्यापासून!" धाकटा म्हणाला.

झालं होतं असं की, चौकशीत दोघांना दुश्मनाचं नाव विचारलं. आणि दुश्मन दोघांनाही नव्हता. "सारं गाव फिरलो काका," थोरला अगदी कळवळून सांगत होता, "एक माणूस आमच्याशी दुश्मनी घ्याले तयार नाही! मंग घरातल्या घरात भागवलं."

मामाजींनी चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात धाकटा काचेवर वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, जोडीनं घेतले तं काही कमी होते काय?"

पुढे दोघांचेही अर्ज फेटाळले गेले. चौकशीला जमादार घरी गेले, तेव्हा धोका आणि ज्याला धोका ते दोघं एकाच ताटात भजे खात बसले होते.

*

सगळे असे भोळे नसतात. काही शिकलेले असतात, आणि ते जास्त वैताग देतात.

खामगावचे एक क्लासवाले सर आले. मोबाईलवर पिस्तुलाचे व्हिडिओ बघून बघून त्यांचं ज्ञान इतकं वाढलं होतं, की ते कुठेतरी रिकामं करणं गरजेचंच होतं. आल्या आल्या मला म्हणाले, "दुकानात कोणी जेंट्स नाही का? टेक्निकल बोलायचं होतं."

मामाजी जेवायला घरी गेले होते. मी म्हटलं, "माझ्याशी बोला, मी जमेल तेवढं समजून घेते."

मग सिंगल ॲक्शन म्हणजे काय, डबल ॲक्शन म्हणजे काय, जुनं डिझाईन नव्यापेक्षा सरस कसं, हे सगळं दुसरा चहा संपेपर्यंत चाललं. मी मान डोलवत होते. मध्येच त्यांनी "समजलं ना?" असंही विचारलं. सवय असते मास्तर लोकांना, आमच्या घरीही आहे.

शेवटी लायसन्स तपासलं आणि पिस्तूल हातात दिलं. आता वरचा भाग मागे खेचायचा, ज्याला स्लाईड म्हणतात. सरांनी खेचला. हलला नाही. पुन्हा खेचला. तिसऱ्यांदा मानेच्या शिरा दिसल्या.

"हा पीस जाम आहे," त्यांनी निदान केलं.

मी पिस्तूल घेतलं, तोंड भिंतीकडे केलं आणि खेचलं. बांगड्या वाजल्या, खटकन स्लाईड मागे!

सरांनी रुमालाने मान पुसली. मग सर म्हणाले, "बरोबर. मी आधी सैल करून ठेवलं होतं ना!"

*

मेहकरकडचा एक जण सेकंडहँडच्या शोधात आला. "पह्यलंच आहे, तं जुनंच दाखवा. डॉक्टरनं वापरलेलं आहे काय?"

"डॉक्टरचंच कशाला?"

"डॉक्टर लोक वस्तू जपून वापरतात. मी गाडी बी डॉक्टरचीच घेतली."

योगायोगाने एका डॉक्टरांचंच पिस्तूल विक्रीला आलेलं होतं. अगदी नव्यासारखं, आणि भावही परवडणारा. गिऱ्हाईक खूश. उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "किती चाललं आहे?"

मामाजी अभिमानाने म्हणाले, "वीस वर्षांत एकदाही नाही चाललं!"

त्याने पिस्तूल खाली ठेवलं. "मंग राहू द्या काका. बंद पडलेला माल काऊन गळ्यात मारता?"

*

निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना हत्यारं जमा करावी लागतात. काही पोलिस ठाण्यात देतात, काही आमच्याकडे. ते आठ-दहा दिवस मी वर्षभर विसरत नाही. एवढे मोठे मोठे लोक, पण पिस्तूल आणतात कशातून? कोणी चपलेच्या खोक्यातून, कोणी बाळाच्या दुपट्यातून, एकाने तर डब्याच्या पिशवीतून आणलं होतं, वर पोळ्या!

डोणगावचे एक बागायतदार आले. पिस्तूल आमच्याकडूनच नेलेलं, आदल्या वर्षी. सहा महिने मॉडेल निवडण्यात घालवले होते. घोडा हवा, मूठ शिसवीसारखी हवी, वजन हवं, आणि भाव मात्र हलका हवा. आता त्यांनी ते रेशमी कापडातून काढून माझ्यापुढे ठेवलं. नंबर जुळवायचा म्हणून मी हात लावला, तर बोटं चिकटली.

"हे काय लागलंय?"

"पूजा केली ना दसऱ्याले! साग्रसंगीत. पंचामृतानं आंघोळ घातली."

"पिस्तुलाला?"

"मंग? लक्ष्मीच हाय थे!"

दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं आत मुरलेलं. स्लाईड निम्म्यावर येऊन थांबली. मी मूठ टेबलावर हळूच आपटली, तर नळीतून मुंग्यांची रांग बाहेर पडली. लाल मुंग्या. मी किंचाळून हात झटकला.

बागायतदार पुढे वाकले. "चावली काय वहिनी?"

"चावली तर!"

ते समाधानाने मागे टेकले. "म्हणजे काम करून राह्यलं म्हणा!"

*

मोताळ्याकडचे एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा तिशीचा, बघणेबल, वीस एकर ओलिताची शेती, आणि तरी लग्न जमेना. शेतकरी मुलाला पोरगी मिळत नाही, हे आता गावोगाव झालंय. वडिलांनी बायोडाटा माझ्यापुढे ठेवला. 'स्वतःचा ट्रॅक्टर' असं लिहिलेलं, त्याच्या खाली एक ओळ कोरी सोडलेली.

"इथं काय यायचंय?"

"पिस्तूल. वजन पडते माणसाचं. लायसन्स माह्या नावानं आहे, पण पोरीवाले तेवढं खोलात जात नाहीत. सगळ्यात सवंग दाखवा, पण फोटोत भारी दिसलं पाह्यजे."

पिस्तूल घेतलं, ओळ भरली. महिन्याने मुलगा एकटाच आला, काडतुसांची चौकशी करायला नाही, पिस्तूल परत घेता का विचारायला. स्थळ चिखलीचं होतं. मुलीने बायोडाटा वाचला आणि एकच प्रश्न केला म्हणे.

"काय विचारलं?"

मुलगा खाली बघून म्हणाला, "दुश्मन किती आहेत?"

*

आणि एक तलाठी मॅडम. आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असं लांबलचक लिहितात, पण गावांना तलाठीच माहीत. वय तिशीच्या आत-बाहेर. खांद्याला फायलींची बॅग. "जयभीम बाबा, पोचले मी" असं फोनवर वडिलांना सांगतच दुकानात आल्या. त्यांचं गाव नदीकाठचं आहे, वाळूचं. वाळूच्या ट्रॅक्टरसमोर एकट्या उभ्या राहिल्या होत्या, एवढं पेपरात आलेलं मी वाचलं होतं. लायसन्ससाठी त्या दीड वर्ष चकरा मारत होत्या. आधी त्यांना सांगण्यात आलं होतं, की धोका सिद्ध होत नाही. धामणगावचे भाऊ निदान भजे तरी खात होते!

दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांच्या अंगावर कडक पांढरे कपडे. दोन महिने झाले तरी त्यांचं मॉडेल ठरत नव्हतं. मॅडमना पाहून त्यातला एक म्हणाला, "मॅडम, लेडीज लोकायसाठी छोटं येते. पर्समधलं. थे घ्या."

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. लायसन्स माझ्या हातात दिलं आणि काचेवर वाकल्या. डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवली.

"ते दाखवा."

तेच जड, पोलादी, मागे घोडा असलेलं. मी म्हटलं, "ताई, हे वजनाला जास्त आहे. तुम्हाला रोज बॅगेत न्यायचंय. याच्याहून स्वस्तात हलकं मिळेल."

"दाखवा तर."

हातात घेतलं. बोट चापापासून लांब ठेवलं, नळी जमिनीकडे केली. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मुठीवरच्या लाकडावरून अंगठा फिरवला. घोड्याजवळ थांबला. चेहऱ्यावर काही नाही. पंख्याखाली बसलेली पांढरी मंडळी आता माना लांब करून बघत होती.

"हेच द्या."

मामाजींना फार बरं वाटलं. असं गिऱ्हाईक त्यांना सगळ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. ते हसत म्हणाले, "मॅडम, लोक पहिलं पिस्तूल निवडाले महिने महिने लावतात. तुम्ही पाच मिनिटं नाही लावले! अन् पारख बी बरोबर. हा पीस जिल्ह्यात दुसरीकडे भेटत नाही. ज्याच्यापाशी हाय, त्यानं आपल्याच दुकानातून नेला."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. पिस्तूल त्यांनी अलगद काउंटरवर ठेवलं, मूठ स्वतःकडे करून.

"मी पाह्यलं आहे हे आधी, काका, नदीवर. फक्त या बाजूनं नव्हतं पाह्यलं."

मामाजींनी रजिस्टर पुढे ओढलं. पेनचं टोपण काढायला त्यांना बराच वेळ लागला.