शेपटीचे पंख

शारजातल्या एका गॅरेजमध्ये पत्रा ठोकणारा हा माणूस राजापूरकडचा. माझी गाडी वर्षातून एकदा तरी कुठेतरी घासते, एवढीच आमची ओळख. पत्रा तो डोळे मिटून तळहाताने तपासतो आणि समोरचा बोलत असतानाच नकाराची मान हलवायला लागतो.

सध्या त्याच्याकडे एका म्हाताऱ्या अरबाची जुनी अमेरिकन गाडी आहे. होडीएवढी लांब, मागे दोन उंच पंख. दोन महिने तो ते पंख ठोकून सरळ करतोय आणि त्यांना शिव्या घालतोय.

"निव्वळ थापा आहेत साहेब. वेग नुसता दिसतो, मिळत काय नाय."

काल गाडीचा मालक, इकडच्या भाषेत 'अरबाब', आला तेव्हा याने हे सिद्धच करायचं ठरवलं. गाडीसमोर मोठा फॅन लावला आणि देवाजवळच्या उदबत्त्या पेटवून धरल्या. धूर गाडीच्या नाकावर आपटून विस्कटला. मग त्याने गाडी फिरवून शेपटी फॅनसमोर आणली. आता धूर गुमान वरून सरकला.

"देखो अरबाब, ये गाडी रिव्हर्स में ही चलाने का. पंख का कुछ काम नहीं."

मालकाने शांतपणे विचार केला. "खलास. काट दो."

त्याची मान हलायची थांबली. एका पंखावर तळहात ठेवून त्याने डोळे मिटले.

"नहीं अरबाब," तो म्हणाला, "फॅन खराब है."

आणि चांगला चालता फॅन बंद करून तो खोलायला बसला.