साधी पण आधुनिक

परिचय मेळ्याची पुस्तिका उघडून पारूलनं स्वतःचं पान वाचलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

नाव पारूलबेन मणिभाई पटेल, मूळ गाम सोनारडा, मोसाळ म्हणजे आजोळ भादरोली, इथवर ठीक होतं. त्याखाली ठळक अक्षरांत ‘इंग्लंड’ असं छापलं होतं, एवढं ठळक की जणू तेच मुलीचं नाव आहे. आणि त्याच्याही खाली: शोख — पाककला, भजन, प्रवास. संस्कार — धार्मिक, कुटुंबवत्सल. राहणी — साधी पण आधुनिक.

“भाभी, हे कुणी लिहिलं?” झोपाळ्यावरूनच ती ओरडली.

दर्शनाभाभी थेपले लाटता लाटता दारात आली. “का? आवडलं नाही? छापखानावाल्याकडे तयारच असतं. सगळ्या मुलींचं तेच घालतात, पारूलबेन.”

“मी भजनं म्हणते?”

“म्हणत नसाल, ऐकत तर असाल. कानावर पडतंच ना कुठं कुठं.”

“आणि साधी पण आधुनिक म्हणजे काय हो?”

“म्हणजे साडीही नेसते आणि गाडीही चालवते.”

“मला गाडी चालवता येत नाही. बसनं जाते मी कामावर.”

भाभीनं लाटणं छातीशी धरलं. “हे तिथं नका बोलू हं,” ती म्हणाली आणि आत पळाली.

पारूलनं कपाळाला हात लावला. गुजरातेतल्या चरोतरात डिसेंबर उजाडला की परदेशातली माणसं गावोगाव उतरतात आणि समाजाच्या वाड्यांमधून, म्हणजे कार्यालयांमधून, लग्नं जुळवायचे परिचय मेळे भरतात. बाकीच्यांचं ठीक आहे, ती हौसेनं येतात. पारूलला न विचारता तिच्या भावानं, घनश्यामनं, तिचं नाव घातलं होतं. फोटोही जुना दिला होता. त्यात ती जाडसर वेणीची, बावीस वर्षांची होती. आता तिचे केस खांद्याच्या वर होते आणि चाळिशी उंबऱ्यावर आली होती.

खरी पारूल पुस्तिकेत कुठंच नव्हती. खरी पारूल नवरी होऊन लेस्टरला गेली, नवऱ्याचं मन दुसरीकडे आहे हे तिला तिथं पोचल्यावर कळलं, आणि लग्न मोडल्यावर ती परत आली नाही. परत येऊन काय, बाचं तोंड बघत बसायचं? बा म्हणजे तिची आई. ती तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली होती, “जेवतेस ना?” पारूल सँडविचच्या कारखान्यात उभी राहिली, ती अजून उभीच होती. एका न्हाव्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत ती एकटी राहायची. खिडकीत टबात मेथी लावायची. सकाळी चहाशिवाय काही घ्यायची नाही, देवळात फक्त दिवाळीला जायची, खोटं बोलणाऱ्याशी आठवडाभर अबोला धरायची. आणि दर रविवारी सकाळी ती नगरपालिकेच्या तलावात पोहायला जायची. हा तिचा एकमेव शोख होता. छापखानावाल्याकडे तो तयार नव्हता.

तरी ती मेळ्याला निघाली. भावासाठी नाही, भाभीसाठी तर नाहीच नाही. एकाच कपाचा चहा करायचा तिला कंटाळा आला होता. हे ती कुणाला सांगत नव्हती. मनात तिनं एवढंच ठरवलं होतं: एकानं, फक्त एकानं, इंग्लंड सोडून माझ्याबद्दल काहीतरी विचारलं की मी त्याच्यापाशी बसून बोलेन. मग तो टकला असो, बुटका असो, कसाही असो.

वाडीच्या दारातच फिती वाटत होते. अमेरिकेला हिरवी, इंग्लंडला लाल, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला पिवळी. इथल्यांना पांढरी. भाभीनं पारूलच्या साडीला लाल फीत अशी टोचली की ती लांबूनही दिसावी. मग दिवसभर पारूलनं एकच गोष्ट पाहिली. नजर आधी फितीवर जायची, मग चेहऱ्यावर, आणि चेहरा पुरता बघून व्हायच्या आत पुन्हा फितीवर.

पहिला केयूर आला. कपाळाला टिळा, बुटांना पॉलिश. “नमस्ते. मला साधी माणसं आवडतात,” तो म्हणाला.

“बरं. मला पोहायला आवडतं,” पारूल म्हणाली.

“वाह! तिकडे घरातच असतो ना तलाव?”

“घरात एक बादली मावत नाही.”

तो मोठ्यानं हसला. मग खुर्ची पुढं ओढून हळूच विचारता झाला, “पासपोर्टला आता पाच वर्षं लागतात की जास्त?”

दुसऱ्याचा बापच आला. मुलगा मागं उभा राहून मोबाइलवर बोटं फिरवत होता. “आमचा निकुंज फार समजूतदार आहे, बेन. कुठंही जमवून घेईल. थंडी सोसते त्याला. लहानपणापासून पंखा लागत नाही.”

“त्याला काय आवडतं?”

“त्याला?” बापानं मागं वळून पाहिलं. बहुधा हा प्रश्न त्यालाही कधी पडला नव्हता. “त्याला... इंग्लंड आवडतं.”

तिसरा जरा बरा होता. शांत होता, डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. पारूल म्हणाली, मी रविवारी पोहते, तर तो म्हणाला, “मलाही शिकायचंय.” तिच्या मनात काहीतरी किंचित हललं. आणि मग तो गाढव पुढं म्हणाला, “तिकडे आल्यावर शिकवाल ना?” म्हणजे हा मनानं विमानात बसूनही मोकळा झाला होता!

दुपारी उंधियुं-पुरीचं जेवण झालं, मोहनथाळाचा दुसरा तुकडा बळंबळं वाढला गेला, आणि मंचावरचा परिचय सुरू झाला. समाजाचे मंत्री, म्हणजे चिटणीस, भीखुकाका माईक धरून होते. त्यांना सगळ्यांची मोसाळं तोंडपाठ होती आणि आवाज असा की माईकची गरजच नव्हती. तरी ते माईक ओठांना लावूनच बोलायचे.

“आता येतायत पारूलबेन, सोनारड्याच्या! इंग्लंड!” टाळ्या पडल्या. “शोख, पाककला, भजन, प्रवास! राहणी—”

“काका, मी सांगू का?” पारूलनं माईकसाठी हात पुढं केला.

“हो हो, बोला ना. दोन शब्द. कसं वाटतंय मातृभूमीत?”

“कंटाळा आलाय,” पारूल म्हणाली. सभागृहात हशा पिकला. लोकांना ती गंमत वाटली, आणि तेवढ्यानं तिचा उरलासुरला संयमही संपला.

“मला भजनं येत नाहीत,” ती म्हणाली. “प्रवास म्हणाल तर घर ते कारखाना. मी दिवसभर ब्रेडवर काकडी लावते. माझ्या हातची डाळ माझ्या भावालाही आवडत नाही. उपास करत नाही. खोटं सहन होत नाही. एकटी राहते, रविवारी पोहायला जाते, आणि पाण्यात असते तेवढा वेळ मला कुणाची आठवण येत नाही. हा माझा परिचय.”

भीखुकाका माईककडे सरकले. पारूल एक पाऊल मागं झाली आणि म्हणाली, “आणि एक राहिलं. मी इंग्लंड सोडून कायमची इकडे येतेय. सोनारड्यात राहणार. ज्याला लग्न करायचं असेल त्यानं इथंच राहायचं. आता ज्याला मला काही विचारायचं असेल त्यानं विचारावं.”

यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं तिनं तिथल्या तिथं, रागाच्या भरात ठरवलं होतं. बोलून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं की ‘कायमची इकडे येतेय’ हे वाक्यही कुठून तरी आतून, बरेच दिवस तयार असल्यासारखं आलं.

कुणी काही विचारलं नाही. एक खुर्ची करकरली. निकुंजच्या बापानं पुस्तिकेचं पान उलटलं आणि पुढच्या ‘इंग्लंड’वर बोट ठेवलं. केयूर पाणी प्यायला म्हणून उठला तो गेलाच. भीखुकाकांनी माईक जवळजवळ हिसकावला. “बेन मस्करी करतायत हो! इंग्लंडचे लोक मोठे विनोदी!” पण हसायला कुणी तयार नव्हतं. खाली भाभी पदराआड तोंड लपवून बसली होती. तिच्या शेजारी बा, जाड भिंगांचा चष्मा लावून, मंचाकडे टक लावून पाहत होती. बाला दोन्ही कानांनी नीट ऐकू यायचं, पण ती बोलायची फार थोडं.

मेळा आटोपल्यावर सगळे घनश्यामच्या व्हॅनमधून घरी निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं हिरवीगार उभी होती. पारूलला आता वाईट वाटत नव्हतं, उलट हलकं वाटत होतं. ती विचार करत होती की येईनच की खरंच. काय अडलंय तिकडे? मेथी इथंही उगवते. ते मेळ्यातले लोक परके होते, त्यांनी तोंड फिरवलं तर फिरवू दे. घरच्यांची गोष्ट वेगळी.

घनश्यामनं घरापुढं व्हॅन थांबवली, खाली उतरला, फाटकाला हात लावला आणि उघडायच्या आधी वळून म्हणाला, “मस्करीच होती ना, पारूल?”

“नाही, भाई.”

“म्हणजे? खरंच येणार?”

“आले तर?”

“अगं, मग तुझ्या भाच्याचं, हर्षचं काय? त्याचे इंग्रजीचे क्लास लावलेत. बारावी झाली की तुझ्याकडेच पाठवायचा ना? आम्ही सगळं तुझ्या भरवशावर धरून बसलोय, आणि तू भर सभेत...” त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “आणि येशील तर राहशील कुठं?”

त्याच्या डोक्यामागं फाटकाच्या खांबावर पितळी पाटी होती. ‘पारूल व्हिला’. पाया खणल्यापासून गच्चीपर्यंत या घरात पारूलच्या काकड्यांची कमाई गेली होती. वरचा मजला तिचा, असं बांधताना ठरलं होतं. या खेपेला तिची खाट खालच्या खोलीत टाकली होती, कारण वर म्हणे मुंग्या झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी ती वर जाऊन आली होती. मुंग्या नव्हत्या. भावानं तिथं तंबाखूच्या गोण्या रचल्या होत्या आणि ती मूग गिळून खाली उतरली होती. माणसांना जागा लागते, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

आता तिनं पाटीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. त्याला काहीच खटकलं नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यात तो तिला हुबेहूब मेळ्यातल्या रांगेतला वाटला. फरक एवढाच की हा बरीच वर्षं आधी येऊन उभा राहिला होता.

“फाटक उघड, भाई,” ती म्हणाली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती बॅग भरायला बसली. विमानाला अजून अवकाश होता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. साडी बॅगेत कोंबताना फितीची पिन बोटाला टोचली. तिनं फीत ओढून काढली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली.

“पारूल,” ओसरीतून बानं हाक मारली.

बा झोपाळ्यावर मांडी घालून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. पारूल दारात उभी राहिली. आता ही काय म्हणणार, हे तिला माहीत होतं. लोक काय म्हणतील. भावाचा विचार कर. तिनं उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते चांगलं झोंबणारं होतं.

“तू खरंच पोहतेस?” बानं विचारलं.

पारूल दारातून एक पाऊल पुढं आली. “हो.”

“तू? तळ्याच्या पायरीवर उभी राहिलीस तरी थरथरायचीस. म्हशी धुवायला न्यायचे तेव्हा लांब पिंपळाला धरून उभी राहायचीस.”

“तू मारायचीस ना, तळ्याकडे गेलं की.”

“मारायचीच. मला कुठं येत होतं पाण्यातून काढायला.” बानं एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. “कुणी शिकवलं?”

“कामावरची एक बाई. दानुता म्हणून. पोलंडची.”

“चांगली आहे?”

“चांगली आहे. शिव्या फार देते.”

“शिकवणाऱ्यानं द्याव्यात.” बानं चष्मा वर सरकवला. “कपडे काय घालतेस?”

“बा!”

“विचारते आहे. साडीत तर पोहत नसशील.”

“पोहायचे असतात ते घालते.”

“हं.” बानं त्यावर थोडा विचार केला आणि तो विषय सोडून दिला. आतून घनश्याम काहीतरी भाभीशी तावातावानं बोलत होता. हर्षचं नाव ऐकू येत होतं. बानं तिकडे पाहिलंही नाही. “घनश्याम, हळू बोल,” एवढंच ती म्हणाली, “आणि उद्या वरच्या गोण्या उचल. तिला त्या वासानं खोकला होतो, लहानपणापासून.”

आतला आवाज तोंडात मारल्यासारखा बंद झाला.

बानं ताट बाजूला सरकवलं आणि झोपाळ्यावर हात फिरवून जागा केली. पारूल बसली. बाच्या बोटांना हिरव्या शेंगांचा वास येत होता.

“मला एक सांग,” बा म्हणाली. “मघापासून मनात घोळतंय. पाण्यात डोळे मिटतेस की उघडे ठेवतेस?”

“उघडे ठेवते, बा,” पारूल म्हणाली, आणि दिवसभर कोरडे राहिलेले ते डोळे तिनं बाच्या खांद्यात खुपसले.