मागून पाहिलेला झेंडा

झोहरखालाच्या बाल्कनीत वर्षातून दोनदा लागणारा झेंडा चुकीचा आहे, हे बेलकूर वस्तीच्या त्या उतारावरच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. हिरवा डावीकडे हवा, हिचा उजवीकडे. पांढरा उजवीकडे हवा, तो डावीकडे. लाल चंद्रकोरीचं तोंडही भलत्याच दिशेला. पण खालाला हे तोंडावर सांगायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. अर्ध्या गल्लीच्या मुली तिने शिवलेले कपडे अंगावर घालून सासरी गेल्या होत्या, आणि टाका चुकला म्हणणाऱ्या बाईला ती दारातूनच वाटेला लावत असे.

त्या बाल्कनीला मात्र तोड नव्हती. खाली बंदर, बंदरापलीकडे समुद्र, आणि कपडे वाळत घालायची दोरी अशी समोरासमोर की सकाळचं ऊन थेट चादरींतून घरात यायचं. तेव्हाचं बेलकूर काय होतं महाराजा! कुणाच्या घरी कॉफीत संत्र्याच्या फुलांचं पाणी पडलं की वास तीन जिने खाली जायचा आणि पाठोपाठ शेजारीण वर यायची. आता सरकारने वस्तीचं नावही बदललंय. खालाच्या तोंडून मात्र ते नवं नाव कधी निघालं नाही.

तो झेंडा तिने शिवला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. साल साठ, डिसेंबर महिना. तिचा थोरला भाऊ मुलूद दुपारी धापा टाकत घरात आला, सोबत त्याचा दोस्त रेझ्की. उद्या सगळी वस्ती रस्त्यावर उतरणार होती आणि झेंडा पाहिजे होता. पण झेंडा पाहिला होता कुणी? फ्रेंचांच्या राज्यात तो घरात सापडला तर माणूस घरात राहत नसे. मुलूदने पाहिला नव्हता, झोहरने नाही, आईने नाही. पाहिला होता एकट्या रेझ्कीने, मामाच्या डोंगरातल्या गावी, लढवय्ये एकाला पुरायला आले होते तेव्हा.

"डावीकडे पांढरा," रेझ्की डोळे मिटून म्हणाला. "उजवीकडे हिरवा. मधे लाल चंद्र आणि तारा."

"नक्की ना रे?" झोहरने विचारलं.

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा कशाला? स्वतःचा घे ना!"

पांढरं सोपं होतं, पलंगपोस होता. लाल मिळालं आजोबांच्या जुन्या गोंड्याच्या टोपीतून. टोपी लहान, त्यामुळे चंद्रतारा झेंड्याच्या एकाच बाजूला लागला, दुसऱ्या बाजूला नुसते टाके. राहिला हिरवा. हिरवं कापड घरात एकच होतं: सीदी म्हमदच्या दर्ग्याची चादर. मुलूद फ्रेंचांच्या छावणीतून सुटून आला तर चादर चढवीन, असा आईने नवस बोलला होता. मुलूद सुटून आला होता, चादर आणली होती, येत्या शुक्रवारी चढवायची होती. आई बराच वेळ पेटीपाशी बसून राहिली. मग तिने चादर काढून झोहरच्या मांडीवर टाकली.

"सीदींना पुढच्या महिन्यात दुसरी देऊ," ती म्हणाली. "ते काय पळून जातायत?"

दुसऱ्या दिवशी मुलूद झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे गेला. संध्याकाळी झेंडा परत आला, रेझ्कीच्या सदऱ्याच्या आत, पोटाला गुंडाळलेला. मुलूद आला नाही. रेझ्की उंबऱ्यातच उभा राहिला. आईने झेंडा हातात घेतला, त्यातला हिरवा भाग तेवढा चाचपला आणि "सीदींचं आपण घेतलं गं," एवढंच म्हणाली. दुसरी चादर तिने कधी आणली नाही, आणि तो विषयही पुन्हा काढला नाही.

चूक कळली ती बासष्टच्या जुलैत. स्वातंत्र्य आलं, गच्च्यागच्च्यांवरून बायका जिभा हलवून किलकाऱ्या देत होत्या, मालमोटारींच्या टपांवर पोरं नाचत होती, आणि जिकडे पाहावं तिकडे झेंडे. सगळे एका तऱ्हेचे, झोहरचा एकटा उलटा. तिने रेझ्कीला गर्दीत गाठलं. त्याचे कान लाल झाले.

"मी त्या गावात माणसांच्या मागे उभा होतो गं," तो पुटपुटला. "झेंडा मागून पाहिला."

झोहर हसता हसता रडली. नवा शिवणं तिला अवघड नव्हतं. पण मुलूदने हातात धरला होता तो हा, त्यामुळे बाल्कनीत लागायचा तो हाच.

मग वर्षं गेली. झोहरचं लग्न झालं, मुलगा झाला, तो ओरानला स्थायिक झाला, नवरा बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन एका हिवाळ्यात गेला. रेझ्कीला लढवय्याचं ओळखपत्र मिळालं, पदकं मिळाली, वस्तीच्या समितीचं अध्यक्षपद मिळालं आणि नावामागे मानाचा 'सी' लागून त्याचा सी रेझ्की झाला. "तूही अर्ज कर," तो तिला कितीदा तरी म्हणाला. "शिवणकामाचं ओळखपत्र देतात होय?" ती म्हणायची. तिला खरंच काही नको होतं. पाच जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आणि एक नोव्हेंबरला, लढा सुरू झाला त्या दिवशी, दोरीवर झेंडा लावायचा, शेजारी बसून कॉफी प्यायची, झालं तिचं देशप्रेम.

पण २०१९ साली पाच जुलै नेमका शुक्रवारी आला. त्या वर्षी दर शुक्रवारी लाखो माणसं सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरत होती, आणि कोण खरा देशभक्त यावरून घराघरांत ताटं आपटली जात होती. खालाची नात नेस्रीन शिकायला तिच्याकडे राहत होती आणि तिला मीमा म्हणायची. ती एकही शुक्रवार चुकवत नसे. त्यात खालाच्या बाल्कनीसमोरच सरकारी मंडप पडला, टेलिव्हिजनवाले येणार असं कळलं, आणि गुरुवारी सकाळी सी रेझ्की समितीच्या दोन माणसांना घेऊन जिना चढून वर आला.

"लाल्ला झोहर," तो लोकांसमोर लावायचा तो आदबीचा आवाज लावून म्हणाला, "उद्या तो झेंडा लावू नका. कायद्यात नमुना ठरलेला आहे. उलटा झेंडा म्हणजे हुतात्म्यांचा अपमान."

"हुतात्म्यांचा?" खालाने विचारलं.

"वातावरण असं आहे," बरोबरचा एकजण म्हणाला. "लोक म्हणतील, मुद्दाम उलटा लावलाय. आम्ही नवा आणलाय, हा घ्या."

नेस्रीन आतून तणतणत आली. "देशभक्ती काय तुमच्या समितीच्या कपाटात ठेवलीय? मीमा, तो झेंडा मला दे. मी उद्या मोर्च्यात नेते. खरा झेंडा तोच आहे."

"बघा!" दुसरा माणूस म्हणाला. "हीच भीती होती."

खालाने रेझ्कीकडे पाहिलं. तो भिंतीवरचा मुलूदचा फोटो सोडून सगळीकडे पाहत होता. एक वाक्य बोलायचा अवकाश होता, आणि ते वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने नवा झेंडा घेतला, कडेची शिलाई बोटाने तपासली, "यंत्राची आहे, दोन धुण्यांत उसवेल," म्हणाली आणि सगळ्यांना कॉफी दिली.

माणसं गेल्यावर नेस्रीन भडकली. "त्यानेच उलटं सांगितलं होतं ना तुला? मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत त्याचं नाक कापू?"

"आणि मला का देत नाहीस मग?"

"हा एकदा जाऊन आलाय मोर्च्यात," खाला म्हणाली. "परत आणायला काय मोल पडलं, ते त्या नाकवाल्याला विचार."

तिसऱ्या प्रहरी रेझ्की पुन्हा वर आला, एकटा. जिन्याने त्याचा पार दम काढला होता. तो दारातच उभा राहिला, अगदी त्या संध्याकाळसारखा.

"बोलली का नाहीस, झोहर?"

"तुला आठवतंय?"

"तुझ्या गळ्याची शपथ, एक दिवस विसरलो नाही." त्याने डोळे पुसले. "तू मला तोंडावर खोटा म्हणशील म्हणून तीन रात्री झोप नाही. आणि तू कॉफी दिलीस."

"माझा गळा कशाला, स्वतःचा घे," खाला म्हणाली. "आता ऐक. उद्या मी तो लावणार. तुझ्या नमुन्याचा पण लावीन, खालच्या दारावर. तो तुमचा. वरचा माझ्या भावाचा. काढायचा असेल तर तू स्वतः वर ये आणि तुझ्या हाताने काढ. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

तो कठड्याला धरून जिना उतरला.

शुक्रवारी सकाळी नेस्रीन बाजारातला झेंडा खांद्यावर घेऊन मोर्च्याला गेली. जाताना तिने आजीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. खालाने दोरीवर जुना झेंडा लावला, चिमटे नीट बसवले आणि दार उघडं ठेवून स्टुलावर बसली. रेझ्कीने तो काढला असता तर ती अडवणार नव्हती, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणारही नव्हती.

तो आला. कोटावर सगळी पदकं. खाली भोंग्यावर सनई-ढोल थांबून कुणीतरी "अध्यक्ष सी रेझ्की यांनी मंचावर यावं" म्हणत होतं. तो बाल्कनीत आला, दोरीकडे हात नेला आणि तसाच थांबला.

ऊन बंदराकडून सरळ झेंड्यावर पडलं होतं. या बाजूला नुसते टाके, पण उन्हामुळे टोपीची चंद्रकोर कापडातून आरपार उमटली होती, ताऱ्यासकट. आतून पाहणाऱ्याला हिरवा डावीकडे होता आणि पांढरा उजवीकडे.

"झोहर," तो हळूच म्हणाला, "इथून बरोबर दिसतो गं."

"मी इथेच बसते ना दरवर्षी. मला कधी उलटा दिसला?" खाला म्हणाली. "उलटा दिसतो तो मंडपातल्या लोकांना."

रेझ्कीचा हात खाली आला. "त्या दिवशी मी मुलूदच्या मागे होतो. पार शेवटपर्यंत मागे. मलाही असाच दिसत होता."

खालाला रडू आवरेना, आणि तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. भोंग्याने पुन्हा अध्यक्षांचं नाव पुकारलं, मग आणखी एकदा, मग दुसऱ्याच कुणाचं तरी. रेझ्कीने स्वयंपाकघरातून दुसरं स्टूल ओढत आणलं आणि तिच्या शेजारी, झेंड्याच्या मागे, बसला.