शंभरच्या पुढचं शॉकअप

पाववाल्याने अंड्यांचा वरचा ट्रे उचलला, दुसरा उचलला आणि तिसऱ्याला हात घालायच्या आतच बलक त्याच्या स्वच्छ फरशीवर टपटपायला लागला.

"अंडेवाल्या बाई, मी आम्लेट मागवलं होतं का?"

अंडी घेऊन आली होती ती थोरली. टेकडीवरच्या घरापासून खालच्या बेकरीपर्यंत पायवाटेशिवाय रस्ता नव्हता. त्या पायवाटेने, सायकलच्या हँडलपुढे खोका बांधून, ती वर्षानुवर्षं अंडी आणत होती. अलीकडे कोंबड्या वाढल्या, खोका मोठा झाला आणि फुटाफूट सुरू झाली.

"पुढच्या खेपेला शेवटचं बघतो," पाववाला म्हणाला. "नाहीतर मोटारीतून येणारी घेईन. चवीला पाणचट असतात, पण अख्खी असतात."

घरी आईने ऐकलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला. "पुढची खेप काडी नेईल."

काडी म्हणजे थोरलीचा धाकटा भाऊ. उन्हात उभा राहिला तर सावली पडेल की नाही अशी शंका यावी, इतका बारीक. तो लगेच खूश. "ताई, राग नको मानूस. सायकल घाबरते गं तुला."

थोरली हसली, पण तिला ते लागलं. बसच्या खुर्चीत न मावणारी, प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत ढकलली जाणारी थोरली त्या उतारावर कोणालाच जड नव्हती. उलट तिच्या वजनाने चाकं जमीन धरून राहायची. काडी जिथे उतरून सायकल हाताने न्यायचा, तिथून ती गाणं म्हणत सुटायची. ती खेप गेली की मागे काय उरणार? खुराडं झाडणं.

तिने आतोबांना निरोप धाडला. आत्याचे यजमान जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिलेले, आता घरामागे सायकली दुरुस्त करायचे. तिच्या सायकलीला पुढचं हवेचं शॉकअप त्यांनीच बसवलं होतं. ते पिशवीभर हत्यारं घेऊन वर आले आणि धापा टाकतच चौकशीला लागले.

"तळाला आपटतं म्हणतेस?"

"ओघळीत उतरताना. खडाक! हाडापर्यंत जातं."

"मग तू काय केलंस?"

"हवा भरली. भरपूर."

"आणि?"

"आपटायचं थांबलं. पण शॉकअप दगड झालं. सगळी वाट हात थरथरत होते आणि खोक्यात अंडी एकमेकांना टकरा देत होती."

आतोबांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "मी बसवलं तेव्हा तुला वजन विचारलं होतं. किती सांगितलंस?"

थोरली सायकलच्या घंटीशी चाळा करायला लागली. "ऐंशी."

"कधीचं?"

"शाळेतलं!" काडी मागून ओरडला.

आतोबा हसले नाहीत. "पोरी, मी हवा भरली ती त्या ऐंशीसाठी. खोकाही धरला नव्हता, चूक माझीही आहे. पण शॉकअपला खोटं सांगून चालत नाही. जो बसतो त्याचाच भार ते उचलतं."

अंगणात कोंबड्यांच्या खाद्याची पोती मोजायचा काटा होता. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. "चढ. बूट, हेल्मेट, भरलेला खोका, सगळ्यासकट."

दवाखान्यातसुद्धा थोरली काट्यावर डोळे मिटून उभी राहायची. इथे तर आई बघत होती, काडी बघत होता, कुंपणापलीकडची शेजारीणही कपडे वाळत घालायची थांबली होती. थोरलीने खोका छातीशी धरला, काट्यावर चढली आणि डोळे सताड उघडे ठेवून आकडा वाचला.

"एकशे एकोणीस!"

कोंबड्या फडफडल्या.

"हळू सांगितलं असतंस तरी चाललं असतं," आतोबा म्हणाले. "बरं झालं. किती वजनाला किती हवा, हा कंपनीचा तक्ता शंभरला संपतो. पुढचं आपलं आपण."

त्यांनी शॉकअपच्या चकचकीत नळीवरची रबरी रिंग खाली सरकवली. थोरली खोक्यासकट सायकलवर उभी राहिली, अलगद उतरली. रिंग जिथे थांबली तिथपर्यंत शॉकअप दबलं होतं. हवा भरायची, पुन्हा चढायचं, पुन्हा बघायचं. नळीच्या पाचव्या हिश्शावर, म्हणजे हवी तिथे, रिंग थांबली तेव्हा आतोबांनी पंप काढायला घेतला.

"थांबा," थोरली म्हणाली. "हे सपाट अंगण आहे. उतारावर माझा सगळा भार पुढे येतो. ओघळीत पुन्हा आपटणार."

"म्हणून आणखी हवा? पुन्हा दगड होईल."

"मग?"

"आतली जागा कमी करू." त्यांनी हवा सोडली, वरचं झाकण उघडलं आणि प्लास्टिकच्या दोन जाड चकत्या आत बसवल्या. आता सुरुवातीला शॉकअप मऊच राहणार होतं, शेवटी मात्र घट्ट होणार होतं. मग पुन्हा तेवढीच हवा. थोरलीने हँडल दाबून सोडलं, तर पुढचं चाक टुणकन उडालं.

"बकरी झाली हिची," आई म्हणाली.

"भारासाठी हवा वाढवली की शॉकअप उसळतंही जोरात." आतोबांनी तळाचं लाल बटण दोन-तीन खटके फिरवलं. आता हँडल वर आलं ते झोपेतून उठल्यासारखं, निवांत.

"आई, ही खेप माझी," थोरली म्हणाली. आईने तिच्याकडे बघितलं, मग काट्याकडे. "जा. पण फुटली तर काडी."

सकाळी थोरली निघाली. झाडांच्या मुळांच्या पट्ट्यात हात थरथरले नाहीत. पायऱ्यांवरून चाक मांजरीसारखं उतरलं. पुढे ओघळ आली. तिने ब्रेक सोडला. शॉकअप दबलं, आणखी दबलं, शेवटी घट्ट झालं आणि तिला अलगद पलीकडे ठेवून दिलं. खडाक नाही. थोरलीने अख्ख्या दरीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

पाववाल्याने एकेक ट्रे उचलला. शेवटचा डोक्यावर धरून खालूनसुद्धा बघितला.

"एकही नाही? वजन कमी केलंस का काय?"

"नाही हो. कबूल केलं."

तिने चढ चढून सायकल दारात लावताच काडी टांग मारून बसला, हँडलवर सगळा जोर लावला. शॉकअप जेमतेम हललं. त्याने उड्या मारून बघितल्या.

"ताई, हे बिघडलंय गं! दबतच नाही!"

"बिघडलं नाही," थोरली हेल्मेट काढत म्हणाली. "तू फार हलका आहेस. दोन घास जास्त जेवत जा."